गुरुवारची नोंद

माझं अक्षर सुंदर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात या अक्षराचा मोठा हात आहे. ठाण्यातल्या एका शाळेत मी चौतीस वर्षं कारकून होतो, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क. जनरल रजिस्टर, हजेरीपट, दाखले, सगळं माझ्या हातचं. तपासणी आली की मुख्याध्यापकांच्या घशाला कोरड पडायची, माझ्या कधीच नाही. रकाना मोकळा नसला आणि अक्षर चांगलं असलं की अधिकारी पानं उलटतात, चहा घेतात आणि जातात. पान कोणी वाचत नाही. देवराम घागचं रजिस्टर म्हणजे बघायला नको, असं सगळे म्हणायचे, आणि खरंच बघायचे नाहीत.

निवृत्तीनंतर दोन वर्षं मी वर्तकनगरच्या घरात बसून बायकोच्या डब्यांना लेबलं लावली. मीठ, साखर, गूळ. ती शेवटी म्हणाली, "बाहेर काहीतरी शोधा, नाहीतर मी तरी बाहेर पडते." त्याच सुमारास रसिका भेटली. ही एका संस्थेत काम करणारी पोरगी, तिशीच्या आतली. पाठीवर सॅक, बोलणं भराभर. गुन्ह्यात सापडलेली मुलं निरीक्षणगृहातून सुटली की त्यांना पुन्हा शाळेत बसवायचं, असं त्यांचं काम. प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस, त्याला म्हणायचं 'सोबती'. मंगळवारी आणि शनिवारी भेट, आणि प्रत्येक भेटीची डायरीत नोंद. तारीख, वेळ, काय शिकवलं, सोबत्याची सही, मुलाची सही. महिन्याच्या शेवटी ती डायरी बाल न्याय मंडळापुढे जाते.

डायरी म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो. मुलाचं नाव मागाहून विचारलं.

नाव ऋतुराज. वय सतरा. दिव्याला खाडीकडच्या बाजूला एका नव्याने उभ्या राहिलेल्या, पण आत्ताच पोपडे निघालेल्या इमारतीत तो आणि त्याची आई कलावती राहायचे. वडील नव्हते. कलावतीताई शीळफाट्याजवळच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम करायच्या. गुन्हा असा, की साईनाथ नावाच्या मित्राने एका म्हातारीची चेन ओढली तेव्हा बाईक ऋतुराज चालवत होता. म्हातारी पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं. पाच महिने हा आत होता. मंडळाने सोडलं ते अटीवर. शाळेत जायचं, साईनाथशी बोलायचं नाही, आणि परत एक जरी तक्रार आली तरी सरळ आत.

त्याला दहावीत बसवायला मला आठ हेलपाटे पडले. शाळा माझ्या ओळखीची, पण मुख्याध्यापक नवे. ते म्हणाले, "घाग, उद्या पालकांना कळलं तर?" मी म्हटलं, "कळणार कसं? प्रवेशाच्या अर्जावर काय लिहायचं ते मला शिकवू नका." वर्ष का बुडालं या प्रश्नाला मी 'कौटुंबिक स्थलांतर' असं सुरेख लिहिलं. मुख्याध्यापक सोडून कोणाला काही कळलं नाही. जूनमध्ये पोरगा वर्गात जाऊन बसला. कलावतीताई माझ्या पाया पडायला वाकल्या तेव्हा मी मागे सरकलो, पण मनातून फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

सुरुवातीला मी नेमाने जायचो. मंगळवार, शनिवार, संध्याकाळी पाच ते साडेसहा. पोरगा अबोल होता, पण मठ्ठ नव्हता. गणित त्याला जमायचं. इतिहासाच्या सनावळ्या मात्र तो अशा चेहऱ्याने ऐकायचा जणू त्या मीच घडवून आणल्यात. कधी पाणी आलेलं नसायचं. मग तो हंडे घेऊन खाली टँकरच्या रांगेत, आणि मी वर खुर्चीत त्याचं पुस्तक चाळत. तेही मी दीड तासच धरायचो.

दिवाळीनंतर माझे गुडघे बोलायला लागले. चार मजले, लिफ्ट नाही. मी शनिवार गाळायला लागलो. पण रकाना कसा गाळणार? तेव्हा मंगळवारी गेलो की शनिवारचीही ओळ तिथल्या तिथे लिहून टाकायचो. तारीख, वेळ, 'भूमिती, प्रमेय एक ते चार, प्रगती समाधानकारक', माझी सही. मग वही त्याच्याकडे सरकवायचो.

पहिल्यांदा तो पेन धरून थांबला. "काका, शनिवार अजून झाला कुठंय?"

"होईल ना. आज आपण दोन दिवसांचं केलं असं समज."

"म्हणजे सेटिंग."

"सेटिंग नव्हे रे. याला कागद पूर्ण ठेवणं म्हणतात. सरकारी कामात असंच असतं."

तो हसला आणि सही केली. 'र'च्या पोटातून एक लांब शेपटी काढायचा. मला ती सही आवडायची. याच वहीच्या पहिल्या पानावर मी त्याला स्वतः एक वाक्य लिहून दिलं होतं, मोठ्या अक्षरात: खरं बोललं की कधीच काही बिघडत नाही. तो शनिवारची सही करायचा तेव्हा ते पान दोन बोटांवर असायचं. माझ्या डोक्यात हे दोन्ही कधी एकत्र आलंच नाही.

जानेवारीत पूर्वपरीक्षा सुरू झाली. त्या आठवड्याच्या मंगळवारी मी दिव्याला गेलो आणि नेहमीसारखी शनिवारचीही ओळ उरकून आलो. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला माझ्या दाराची बेल वाजली. दारात ऋतुराज. माझ्या घरी तो कधीच आला नव्हता. पत्ता डायरीवरून पाठ केलेला.

"उद्या बीजगणिताचा पेपर आहे काका. समीकरणं सोडवायची ती क्रेमरची पद्धत डोक्यात नाय जात. तिकडे खाली लग्नाचा डीजे लागलाय. म्हटलं यावं."

आत घेतलं. बायको नाशिकला, मुलीच्या बाळंतपणाला गेलेली. घरात मी एकटा. क्रेमर कोण हे मलाही ठाऊक नव्हतं. मी कारकून, मास्तर नव्हे. आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडून बसलो आणि त्या निश्चयकांशी झटापट केली. सात वाजता कॉलनीतल्या दत्ताच्या देवळात आरती सुरू झाली तेव्हा आमचं चौथं उदाहरण तिसऱ्यांदा चुकलं होतं. आरतीनंतर शेजारचे सखाराम कदम प्रसाद घेऊन आले. दर गुरुवारी ते जिन्यातल्या सगळ्या घरी पेढे वाटतात. एक माझ्या हातावर ठेवला, एक त्याच्या. "नातू का?" म्हणाले. मी "विद्यार्थी" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं.

मग उदाहरण सुटलं. पोरगा खुर्चीतून उठलाच. मी मुगाची खिचडी टाकली होती ती नादात करपली. आम्ही वरवरची खाल्ली आणि त्याने पातेलं घासून दिलं. मी नको म्हणत होतो, तरी तारेच्या घासणीने लख्ख केलं.

साडेआठला निघताना चपला घालता घालता म्हणाला, "काका, आजचं लिहायचं ना डायरीत?"

मी वही उघडून पाहिली. मंगळवार, त्याखाली शनिवार, दोन्ही ओळी कशा सरळ. मध्ये गुरुवार घुसवायचा तर पान बिघडलं असतं.

"राहू दे रे. गुरुवार आपला वार नाही."

"बरं," म्हणाला आणि गेला.

शनिवारी सकाळी आठला कलावतीताईंचा फोन. पोलीस त्याला घरातून घेऊन गेले होते. गुरुवारी संध्याकाळी सात-सव्वासातला डोंबिवलीत एका बाईची चेन ओढली गेली होती. मागे बसलेला साईनाथ शुक्रवारी सापडला, आणि बाईक कोण चालवत होतं विचारल्यावर त्याने ऋतुराजचं नाव सांगितलं. "सर, तो तुमच्याकडे आलेला ना? त्याने सांगितलेलं मला. तुमच्याकडेच आलेला ना?" त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

"अहो, माझ्याकडेच होता. काळजी करू नका," मी म्हणालो. मला खरंच काळजी वाटत नव्हती, इतका मी शहाणा.

चौकीवरच्या अधिकाऱ्याने माझं नीट ऐकून घेतलं, खुर्चीही दिली. मग म्हणाला, "तुम्ही त्याचे सोबती. तुम्ही त्याच्या बाजूनेच बोलणार ना? सोमवारी मंडळापुढे या, जे काय लेखी असेल ते घेऊन." बाकावर ऋतुराज बसला होता. मला पाहून त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. त्याने नुसती मान हलवली, आता काका आले, झालं, अशी.

बाहेर पडतो तोच रसिकाचा फोन. "काका, गुरुवारची एंट्री आहे ना डायरीत? त्याची सही आहे ना? तेवढं असेल तर मी मंडळाच्या मॅडमना पटवते."

"आहे," मी म्हणालो.

चौतीस वर्षं कोणीही काहीही विचारलं की माझ्या तोंडून हेच उत्तर जायचं. रजिस्टर पूर्ण आहे का? आहे. मग जाऊन पूर्ण करायचं. तसंच तेही बाहेर पडलं.

संध्याकाळी मी आधी सखाराम कदमांकडे गेलो, हे मात्र नमूद करतो. सरळ मार्ग मी सोडला नव्हता. त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही त्याच्या हातावर पेढा ठेवलात, एवढंच येऊन सांगा. कदमांनी दार अर्धं लोटून घेतलं. "घाग, असल्या पोराला तुम्ही आपल्या कॉलनीत आणलंत? आमच्या ऐश्वर्याच्या गळ्यात चेन असते हो."

"अहो, पण तुम्ही पाहिलंत ना त्याला?"

"पेढा दिला. कोणाला दिला ते कसं सांगू? गुरुवारी मी चाळीस जणांना देतो." आणि दार लागलं.

रविवारी सकाळी मी डायरी घेऊन टेबलाशी बसलो. त्याच टेबलाशी. मंगळवार आणि शनिवारच्या मध्ये एका ओळीची जागा नव्हतीच. होतं ते रेघेवरचं नखभर कोरं. त्यात बारीक अक्षरात लिहिलं: 'गुरुवार, साडेपाच ते साडेआठ, बीजगणित, क्रेमरची पद्धत.' माझी सही केली. मग त्याची. 'र'च्या पोटातून लांब शेपटी. आयुष्यभर हजारो ओळी लिहिल्या, अनेक तर कधी न घडलेल्याच, हात कधी थरथरला नव्हता. ही ओळ अक्षरन् अक्षर खरी होती, आणि हिलाच थरथरला.

खाली शनिवारची ओळ होती. शनिवारी पाच ते साडेसहा, दिवा, भूमिती. तेव्हा पोरगा पोलिसांच्या ताब्यात होता. खोडावी का, असं मनात आलं. पण खाडाखोड दिसली की सगळ्याच पानावर संशय येणार, आणि पान कोणी वाचत नाही. मी वही मिटली.

मंडळाच्या मॅडम चाळिशीच्या होत्या, बारीक फ्रेमचा चष्मा, बाजूला दोन सदस्य. रसिकाने डायरी पुढे ठेवली. मॅडमनी पान उघडलं, चष्मा वर केला आणि वाचायला लागल्या. बोट ठेवून, ओळीमागून ओळ. 

"ही गुरुवारची नोंद मध्येच कोंबलेली दिसते," त्या म्हणाल्या. मग वही ऋतुराजसमोर धरली. "बाळ, ही सही तुझी आहे का?"

त्याने पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तो काय शोधत होता ते मला कळलं. मी हो म्हण असं डोळ्यांनी सांगावं, किंवा नको म्हण असं, काहीतरी. मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

"नाय मॅडम," तो म्हणाला. "सही माझी नाय. पण मी काकांकडेच होतो. आईशप्पथ. पेढा पण खाल्लेला."

"आणि ही शनिवारची?"

"ती माझी आहे."

"परवाच्या शनिवारी पाच वाजता तू कुठे होतास?"

"पोलिसांकडे."

कलावतीताई मागे उभ्या होत्या, त्यांना काय चाललंय ते उमगत नव्हतं. मग मीच बोललो, आणि जे बोलायला नको होतं ते सगळं बोललो. म्हणालो, मॅडम, दिवाळीपासूनच्या शनिवारच्या नोंदी खोट्या आहेत, मी लिहिल्यात. ही गुरुवारची मात्र खरी आहे. या वहीत एवढी एकच ओळ अशी आहे की त्या दिवशी तो पोरगा कोणी न बोलावता, आपणहून अभ्यासाला आला होता.

"म्हणजे तुम्ही महिनोन् महिने खोट्या नोंदी केल्यात, मुलाकडून त्यावर सह्या घेतल्यात, आणि खऱ्या म्हणता त्या नोंदीवर त्याची सही स्वतः केलीत." त्या रागावल्या नव्हत्या. दमल्यासारखं बोलत होत्या. "यातलं मी काय धरू, घाग?"



त्यांनी हुकूम सांगितला. चौकशी पूर्ण होईपर्यंत ऋतुराज निरीक्षणगृहात. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं वय आणि आजवरची नोकरी बघून मी हे पुढे नेत नाही. आजपासून तुम्ही सोबती नाही." एका वाक्यात मी सुटलो. खोटी सही मी केली होती. पोलिसांच्या गाडीत तो बसला. जाताना त्याने मागे वळून पाहिलं असतं तर बरं झालं असतं, निदान रागाने तरी. पाहिलं नाही. रसिका माझ्याजवळून गेली तेव्हा एवढंच म्हणाली, "काका, 'नाही' म्हणाला असतात तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं हो."

मंडळाने त्याला मार्चमधल्या बोर्डाच्या परीक्षेला बसायची परवानगी दिली होती. साध्या कपड्यातला एक हवालदार सोबत जायचा. पहिला पेपर मराठीचा. हवालदार बिचारा भला, पण वर्गाबाहेर स्टुलावर तीन तास बसून राहिला. पेपर सुटेपर्यंत सगळ्या शाळेला कळलं. मुख्याध्यापकांना पालकांचे फोन गेले. मी कौटुंबिक स्थलांतर म्हणून जे झाकलं होतं ते दुपारपर्यंत उघडं पडलं. दुसऱ्या पेपरला तो गेला नाही. पोटात दुखतंय म्हणाला. तिसऱ्यालाही. बीजगणिताच्या पेपरला त्याने कारणही सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये खरा बाईकवाला दुसऱ्याच प्रकरणात कल्याणला सापडला आणि त्याने स्वतःच्या तोंडाने गुरुवार कबूल केला. ऋतुराज सुटला. निर्दोष असं कागदावर आलं. मी ते रसिकाकडून ऐकलं आणि त्या संध्याकाळी, गुरुवारच होता, देवळात जाऊन बराच वेळ रडलो. कदमांनी विचारलं, काय झालं? मी त्यांच्या हातचा पेढा घेतला नाही.

मे महिन्यात जुलैच्या पुरवणी परीक्षेचे फॉर्म निघाले. मी शाळेत गेलो, मुख्याध्यापकांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, फॉर्म घेतला, फी भरली. सगळे रकाने माझ्या अक्षरात भरले. एक सोडून. त्याची सही.

दिव्याला गेलो. कलावतीताईंनी दार उघडलं, बसा म्हणाल्या नाहीत. "तो कामावर जातो आता. अठरा पूर्ण झाली. माझ्याच गोडाऊनला लावलाय." मी शीळफाट्याला गेलो. ट्रक, धूळ, ऊन. संध्याकाळची पाळी सुटायच्या वेळी गेटवर उभा राहिलो. तो आला, खांदे भरलेले, केस अगदी बारीक. मला ओळखलं. थांबला. गेटच्या भिंतीवर एक छोटं मशीन होतं, रांगेतला प्रत्येक जण त्यावर अंगठा टेकवून बाहेर पडत होता. त्यानेही टेकवला. मशीनने बीप केलं.

"इथे लिहावं नाय लागत काका," तो म्हणाला. "अंगठा लावला की माणूस आला. नाय लावला तर नाय आला."

"ऋतुराज," मी म्हटलं, "चूक माझी होती. पूर्ण माझी. पण तू पास होशील रे. क्रेमर तुला येतो. फॉर्म भरून आणलाय मी. फी भरलीय. फक्त इथे सही कर." मी फॉर्म आणि पेन पुढे केलं.

त्याने फॉर्म घेतला. सावकाश वाचला, वरपासून खालपर्यंत, एकेक रकाना. तो वाचत होता म्हणून मला आशा वाटली. मग त्याने तो नीट घडी घालून माझ्या शर्टाच्या खिशात परत ठेवला, पेनही अडकवलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"तुम्हीच करा ना काका. तुम्हाला येते की माझी सही."

आणि तो रस्ता ओलांडून आईने दिलेला जेवणाचा डबा हलवत रिक्षांच्या रांगेकडे गेला.